बाकुमान: पहिले दोन खंड वाचून

शाईपेन

मंगा म्हणजे जपानी चित्रकथा काढायची स्वप्नं बघणाऱ्या दोन शाळकरी मुलांची गोष्ट, एवढ्याच माहितीवर ‘बाकुमान’ हातात घेतलं. पहिले दोन खंड वाचून झालेत आणि कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये, म्हणून हा धागा. मालिका माझ्यासाठी नवी आहे. जपानमध्ये ती ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात ऑगस्ट २००८ ते एप्रिल २०१२ अशी चालली. १७६ प्रकरणं, २० खंड. लेखन त्सुगुमी ओबा, चित्रं ताकेशी ओबाता, म्हणजे ‘डेथ नोट’ या गाजलेल्या मंगाचीच जोडी. ज्यांनी पुढचं वाचलंय त्यांना विनंती, फोडू नका. सांगायचंच असेल तर वर ‘रहस्यभेद’ असं ठळक लिहा.

गोष्ट थोडक्यात. मोरिताका माशिरो चौदा वर्षांचा, आपल्याकडच्या नववीतला म्हणा. हात चांगला आहे, पण चित्रकलेचं पुढे काही करायचं त्याच्या मनात नाही. चांगली शाळा, मग कॉलेज, मग नोकरी, असं सरळ आयुष्य त्याला समोर दिसतंय आणि त्याचा त्याला आत्ताच कंटाळा आलाय. एक दिवस वही वर्गात राहते. वहीत त्याने अझुकी या वर्गातल्या मुलीची चित्रं काढलेली असतात, आणि ती वही सापडते ताकागीला. ताकागी वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा. तो म्हणतो, मला लिहिता येतं, तुला काढता येतं, आपण दोघं मिळून मंगा करू.

इथपर्यंत मी आरामात वाचत होते. माशिरोच्या काकाची हकिकत आली आणि सरसावून बसले. हा काका मंगाका, म्हणजे मंगा काढणारा होता. एक विनोदी मालिका चालली, तिच्यावर अ‍ॅनिमे (चलचित्र मालिका) निघालं, मग मासिकाने मालिका बंद केली आणि त्यानंतर त्याचं काही छापून आलं नाही. तो वर्षानुवर्षं नवीन आराखडे घेऊन संपादकांकडे जात राहिला आणि एक दिवस गेला. अतिश्रमाने गेला असं घरचे सांगतात. मुलाला मनातून वाटत राहतं की त्याने स्वतःला संपवलं.

तरुणांना स्वप्नं बघायला सांगणाऱ्या मालिकेने पहिल्याच प्रकरणात हे मांडावं याचं मला फार मोल वाटतं. हा काका म्हणायचा की मंगाका म्हणजे जुगारी. प्रतिभावंतांची गोष्ट वेगळी, बाकीच्यांना तीन गोष्टी लागतात: आपण दुसऱ्यांपेक्षा सरस आहोत हा फाजील विश्वास, मेहनत आणि नशीब. किती खरं आहे हे! चित्रं काढून पोट भरणाऱ्या कुणालाही विचारा, पहिली गोष्ट नसती तर बाकीच्या दोन्हींची वेळच आली नसती असं तो सांगेल.

मग आजोबा माशिरोच्या हातात काकाच्या कामाच्या खोलीची किल्ली ठेवतात. ती खोली ओबाताने ज्या मायेने काढलीय ना! भिंतभर मंगा, टेबल, दिवा, खोक्यांमध्ये रचून ठेवलेले ‘नेम’. नेम म्हणजे मंगाचा कच्चा आराखडा: पानावर चौकटी कशा पडणार, कोण कुठे उभं, कोण काय बोलणार, सगळं पेन्सिलीने भराभर मांडलेलं. संपादक तो वाचून हो-नाही सांगतो, त्यानंतर खऱ्या पानांना हात लावायचा. छापून आलेली पानं जगाने पाहिली. या खोक्यांमध्ये आहेत ती नाकारलेली पानं, आणि ती कितीतरी जास्त आहेत. पोरं खोलीत शिरतात, बघत राहतात आणि तिथेच बसून काम सुरू करतात.

माझ्या मते मालिकेचं खरं बळ या कामात आहे. माशिरोची पेन्सिल उत्तम चालते, पण छपाईसाठी शाईने काढावं लागतं आणि जी-पेनची, म्हणजे शाईत बुडवून काढायच्या टाकाची रेघ त्याच्या ताब्यात नाही. उन्हाळ्याची सुट्टी त्या रेघेमागे जाते. ताकागी कथा लिहितो, पण त्या चौकटींत कशा बसवायच्या हे त्याला कळत नाही. शेवटी ‘दोन पृथ्वी’ नावाची कथा पूर्ण करून दोघं तोक्योत ‘जंप’च्या प्रकाशकाच्या, शुएशाच्या कचेरीत जातात. तिथला हात्तोरी नावाचा तरुण संपादक त्यांच्यासमोर पानं भराभर उलटतो. पोरांच्या पोटात गोळा. मग तो पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतो. एक माणूस कागद वाचतोय आणि दोन माणसं त्याचा चेहरा वाचतायत, एवढंच त्या पानांवर आहे, आणि मी श्वास धरून वाचत होते.

या मालिकेत खलनायक नाही. एइजी नीझुमा नावाचा आओमोरीहून आलेला अचाट मुलगा प्रतिस्पर्धी आहे, पण त्याचा राग येत नाही. तो चित्र काढताना तोंडाने आवाज काढतो, अंगविक्षेप करतो, आणि त्याच्या आनंदाचा हेवा वाटतो. खरी भीती आहे ती वाचकांच्या पोस्टकार्डांची. प्रत्येक अंकात एक कार्ड असतं, वाचक आपल्या आवडत्या तीन मालिका लिहून पाठवतात, त्यावरून क्रम लागतो. तळाशी राहिलेल्या मालिकेला दहा-एक आठवड्यांत गाशा गुंडाळावा लागतो. दुसऱ्या खंडात या कार्डांचा निकाल येतो तेव्हा मला दहावीच्या निकालाची सकाळ आठवली.

ओबाताबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. ‘डेथ नोट’मधली ती कोरीव, सावल्यांनी भरलेली चित्रं इथे नाहीत, रेघ हलकी आहे, चेहरे गोलसर आहेत. पण गोष्टीतला दुसरा कुणी मंगाका काढतो तेव्हा ओबाता त्या माणसाच्या हाताने काढतो. नीझुमाचं पान वेगळ्याच माणसाने काढल्यासारखं वाटतं. शिवाय खंडांमध्ये एकेका पानाचा ओबाचा नेम, मग ओबाताने केलेला नेम आणि शेवटी पक्कं पान असं शेजारी शेजारी छापलंय. एखादी चौकट मोठी का झाली, एखादा चेहरा पाठमोरा का झाला, हे त्यात डोळ्यांनी दिसतं. मी कथा बाजूला ठेवून त्या पानांवर कितीतरी वेळ रेंगाळले.

खटकलेलंही आहे, त्यावर चर्चेत बोलूच. तुम्हाला कसं वाटलं?

दवबिंदू

फार मनापासून लिहिलंय, शाईपेन. मी वर्षभरापूर्वी अ‍ॅनिमे पाहिलं होतं (तीन हंगाम, ७५ भाग), मंगा वाचला नव्हता. अ‍ॅनिमेमध्ये ते पेनचे आवाज छान आहेत, पण तुम्ही म्हणताय ती नेमची पानं तिथे मिळणार नाहीत. वाचायला घेते.

‘डेथ नोट’ आवडणाऱ्यांना सांगायचं तर इथेही तेच डोकं आहे. तिथे दोन हुशार माणसं एकमेकांच्या चाली ओळखायची, इथे दोन मुलं मासिकाच्या चाली ओळखतात: कोणत्या स्पर्धेला पाठवायचं, सरधोपट मारामारीची कथा करायची की आडवाटेची. मजकूर भरपूर आहे, फुगे शब्दांनी गच्च. काहींना ते जड जातं, मला आवडतं.

अनवट

धागा आवडला, तरी माझं मत बरंच वेगळं आहे. मी पहिला खंड वाचला आणि दुसरा उघडायची इच्छा झाली नाही. कारण अझुकी.

तो प्रसंग आठवा. ताकागी माशिरोला रात्री अझुकीच्या घरासमोर नेतो. ती बाहेर येते, ही मुलं मंगा करणार हे ऐकते, आपल्याला आवाजाची कलाकार व्हायचंय असं सांगते. आणि माशिरो भावनेच्या भरात बोलून जातो की आपली दोघांची स्वप्नं पुरी झाली की माझ्याशी लग्न कर! ती आत पळते आणि फाटकावरच्या इंटरकॉमवरून हो म्हणते. अट एकच, स्वप्न पुरं होईपर्यंत भेटायचं नाही. दोघं आयुष्यात धड एकदाही बोललेली नाहीत. पुढे सगळा वेळ अझुकी म्हणजे मोबाइलवरचा निरोप. मुलाच्या कष्टांना गोड फळ हवं म्हणून तिला तिथे ठेवलीय.

हे एक वेळ चालवून घेतलं असतं. भाबडी वयं आहेत. पण ताकागीचं ते भाषण मला गिळता आलं नाही. अझुकी मुळातच हुशार आहे, असं तो म्हणतो. का? तर मुलीने मुलीसारखं राहावं, पुढे लग्न करून नीट संसार करावा हे तिला उपजत कळतं, आणि फार हुशारी दाखवणारी मुलगी गोड वाटत नाही हेही कळतं. उलट इवासे, जी अभ्यासात खरोखर वर आहे आणि जिला त्याचा अभिमान आहे, ती त्याच्या लेखी हुशार नाही. आणि माशिरोचे वडील आईच्याच तोंडून निरोप धाडतात की मुलाला त्याचं करू दे, पुरुषांची स्वप्नं बायकांना कळत नाहीत. हे ताकागीचं मत आहे की लेखकाचं, याचा पुस्तकात कुठेच पत्ता लागत नाही. कुणी त्याला उलटून बोलत नाही.

मुलांच्या मासिकात बायकांनी काय काढलंय हे जपानच्या वाचकाला ठाऊक असतं. रुमिको ताकाहाशी १९७८ पासून ‘शोनेन संडे’मध्ये काढत होती, तेही एकामागून एक गाजलेल्या मालिका. हिरोमु अराकावाचं ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ २००१ मध्ये सुरू झालं, तेही मुलांच्याच मासिकात. मंगा काढणाऱ्यांवर मंगा लिहिताना स्वप्नाच्या खोलीत फक्त मुलगे बसवायचे, हे मला पटत नाही.

शाईपेन

अनवट, तुमच्या मुद्द्यांना माझा विरोध नाही. ‘खटकलेलंही आहे’ लिहिताना डोक्यात नेमकी हीच पानं होती. वडिलांच्या निरोपाशी मीही अडखळले, कारण त्याच्या आधीच्या पानावर आईची भीती अगदी रास्त दाखवलीय. दिराला तिने या धंद्यात झिजून जाताना पाहिलंय. ती मुलाला अडवते ते न कळून नाही, सगळं कळून. तिला एक वाक्य जास्त मिळायला हवं होतं.

लग्नाच्या वचनाबद्दल मात्र थोडी बाजू घेते. काकाच्या खोलीत पोरांना जुनी पत्रं सापडतात, अझुकीच्या आईची. काका आणि ती वर्षानुवर्षं एकमेकांना पत्रं लिहीत राहिले आणि मनातलं कुणीच बोललं नाही. पुतण्या पहिल्याच भेटीत लग्नाचं बोलून मोकळा होतो, त्याला ही पार्श्वभूमी आहे. काकाने जे गमावलं ते तो नकळत भरून काढतोय. तेवढ्यापुरतं मला ते वचन वेडेपणाचं असूनही खरं वाटलं. अझुकीचं चित्रण त्याने सुधारत नाही, हे कबूल.

दूरदेशी

गेली काही वर्षं नोकरीनिमित्त तोक्योत आहे, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

एक, ते पोस्टकार्ड. जंप दर सोमवारी येतो. कोपऱ्यावरच्या दुकानात दाराजवळच गठ्ठा असतो. अंक टेलिफोन डिरेक्टरीसारखा जाड, कागद खरखरीत आणि पानांना मध्येच गुलाबी, मध्येच हिरवट छटा. लोक वाचतात आणि बरेचसे टाकूनही देतात. आवडलेल्या मालिकेचे खंड वेगळे विकत घेतात. अंकातलं कार्ड हातात घेतलं की गंमत कळते. एका बाजूला त्या अंकातल्या मालिकांची यादी आणि क्रमांक, त्यातून तीन निवडायच्या. विसाच्या आसपास मालिका आणि जागा तीन. म्हणजे ‘बरी आहे’ असं वाटणाऱ्या मालिकेला काहीच मिळत नाही. कुणाच्या तरी पहिल्या तिनांत यावंच लागतं. जंपच्या मालिका पहिल्या प्रकरणापासून वाचकाची गचांडी का धरतात त्याचं उत्तर या तीन रकान्यांत आहे. १९६८ मध्ये जंप निघाला तेव्हा नावाजलेले मंगाका दुसऱ्या मासिकांनी आधीच बांधून घेतले होते, म्हणून जंपने नवख्यांवर भिस्त ठेवली आणि निवडीचं काम वाचकांवर सोपवलं. १९९४ च्या अखेरीस एका अंकाच्या ६५ लाखांहून जास्त प्रती छापल्या गेल्या, तो त्यांचा उच्चांक. ‘बाकुमान’मधल्या पोरांना कार्डांची धास्ती का, हे त्यावरून समजेल.

दोन, लेखक-चित्रकार जोडीची गोष्ट. हे वाचताना जपानी वाचकाला हमखास आठवतात ते फुजिको फुजियो. आपल्याकडे डोरेमॉन घराघरांत आहे, पण ते नाव दोन माणसांचं होतं हे फार जणांना माहीत नसतं. हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको, तोयामा प्रांतातल्या ताकाओकाचे शाळासोबती. दोघं १९५४ मध्ये तोक्योत आले आणि तोकिवासो नावाच्या लाकडी चाळीत राहिले. ओसामु तेझुका हा नामवंत मंगाका तिथून बाहेर पडला आणि त्याचीच खोली यांना मिळाली. काम इतकं अंगावर घेतलं की १९५५ च्या नववर्षाला गावी गेले आणि तिथे दोघांचा हातच चालेना. संपादकांच्या तारांवर तारा, आणि एकामागून एक मुदती चुकल्या. त्यानंतर बराच काळ कुणी त्यांना फारसं काम देईना. तिथून पुन्हा उभे राहिले. १९८७ मध्ये एकत्र नाव सोडून वेगळे झाले, मैत्री टिकली. आबिकोने त्या दिवसांवर ‘मंगा मिची’ ही दीर्घ मालिका १९७० पासून लिहिली. मंगाकांवरच्या मंगांची परंपरा जुनी आहे, आणि माशिरो-ताकागी तिचेच वारस.

मूळ तोकिवासो १९८२ मध्ये पाडली. तोशिमा भागात त्याच वस्तीत हुबेहूब तशी इमारत बांधून २०२० मध्ये संग्रहालय उघडलंय. मी गेलो होतो. जिना करकरतो, वर अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना साडेचार तातामींच्या खोल्या. तातामी म्हणजे जमिनीवर अंथरायची जपानी चटई, खोली तिच्यावर मोजतात; साडेचार तातामी म्हणजे साधारण नऊ फूट बाय नऊ फूट. सगळ्यांत मिळून एकच स्वयंपाकघर, तिथे कळकट गॅसच्या शेगड्या आणि राहिलेल्या भांड्यांचा ढीगसुद्धा करून ठेवलाय. तिथे उभं राहिल्यावर जाणवतं की खोली झोपायला पुरत नव्हती, टेबल मात्र प्रत्येकात होतं.

रेषाळ

दूरदेशी, काय सुंदर माहिती दिलीत!

मी उपयोजित कला शिकलो, आता जाहिरातींसाठी चित्रं काढतो. जी-पेनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही टाकाची लवचीक नीब असते. दाबली की दोन पाती फाकतात आणि रेघ जाड होते, सोडली की बारीक. म्हणजे एकाच फटकाऱ्यात केसाची बट मुळाशी जाड आणि टोकाशी नाहीशी होते. काबुरा नावाची दुसरी नीब असते, तिची रेघ सारखी जाते. मारु फार बारीक कामासाठी. पेन्सिलवाल्या माणसाला जी-पेनचा त्रास का होतो? पेन्सिलीत रेघ चाचपडत काढता येते, दहा बारीक रेघांतून एक चेहरा उमटतो. शाईत तीच एक रेघ ठाम काढावी लागते, वेग आणि दाब दोन्ही आधीच ठरलेले हवेत. माशिरोची सुट्टी त्यात गेली यात नवल नाही.

आपल्याकडचं शिक्षण मला वाचताना सारखं आठवत होतं. मी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या, तुमच्यापैकी पुष्कळांनी दिल्या असतील. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. हात बसतो, त्याबद्दल त्या परीक्षांचे उपकारच आहेत. पण एकच मुलगी पाच बाजूंनी काढ, ती पाचही चित्रांत तीच वाटली पाहिजे, आणि तिसऱ्या चित्रात ती खोटं बोलत असली पाहिजे, असं आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही. चित्रातून गोष्ट सांगणं हे वेगळं कसब आहे, आणि ते आपल्याकडे ज्याचं त्याने शिकायचं.

त्याहून जास्त चुटपुट लागली ती हात्तोरीची. मराठीत जोडीने काम झालेलं आहे: चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला आणि त्याने दोन पिढ्यांना सकाळी पेपर उघडायची सवय लावली. चित्रकार आहेत, लिहिणारे आहेत, दिवाळी अंकांना व्यंगचित्रांची केवढी मोठी परंपरा आहे. पण चौदा वर्षांच्या दोन पोरांनी फोन करून यावं, संपादकाने समोर बसून तीस-चाळीस पानं वाचावीत आणि ‘गोष्ट कादंबरीसारखी झालीय, चित्रांना बोलू द्या’ असं तोंडावर सांगावं, मग आपला नंबर द्यावा, हा दरवाजा आपल्याकडे नाही. मला त्या वयात असा एक माणूस भेटला असता तर मी आज गोष्टी काढत असतो. तो दरवाजा इथे कुणीतरी उघडावा असं फार फार वाटतं.

नाशिकचा बाबा

नमस्कार. एरवी या विभागात फक्त वाचतो. आमची लेक नववीत आहे. दिवसरात्र अशीच मोठ्या डोळ्यांची चित्रं काढत असते. घरी तिची आई आणि मी दोघंही काळजीत, की पुढे या चित्रांचं करणार काय. शाईपेन ताई, हे पुस्तक तिला द्यावं का? ते काकांचं वाचून मी जरा थबकलो.

शाईपेन

दादा, माझ्या मते द्या, आणि तुम्हीही वाचा. काकाचा मृत्यू पडद्याआड आहे, भडक काही दाखवलेलं नाही. पण त्याची छाया आहे, त्यामुळे वाचून झाल्यावर तिच्याशी बोला. अनवट यांनी दाखवलेल्या पानांवर तर जरूर बोला.

मुलीसाठी म्हणून आणखी एक सुचवते. अकिको हिगाशिमुराचं ‘काकुकाकु शिकाजिका’, इंग्रजीत ‘ब्लँक कॅनव्हास’ नावाने मिळतं. पाचच खंड, २०१५ चा मंगा ताइशो पुरस्कार मिळालेलं. मियाझाकीतली एक मुलगी, जिला मंगाका व्हायचंय, आणि हातात बांबूची तलवार घेऊन ‘काढ!’ एवढंच ओरडणारे तिचे चित्रकलेचे सर. लेखिकेची स्वतःची कहाणी आहे. ‘बाकुमान’मध्ये मुलींना जी खोली मिळत नाही ती तिथे मिळते.

अनवट

‘ब्लँक कॅनव्हास’ला जोरदार अनुमोदन.

आणि बाबा, तुमची काळजी समजते. काकाच्या बाबतीत मालिका जे सांगते त्याला बाहेरच्या जगातही आधार आहे. दूरदेशींनी ज्यांचं लिहिलं ते फुजिमोतो १९९६ मध्ये ६२ व्या वर्षी गेले, अखेरपर्यंत डोरेमॉन काढत होते. तेझुका १९८९ मध्ये, साठीत. दर आठवड्याला एकोणीस-वीस पानं हा माणसाच्या शरीराचा वेगच नाही. मला ‘बाकुमान’ला विचारायचंय ते हेच: काका या कामाने संपला हे सांगून झाल्यावर पोरांना त्याच टेबलाशी बसवता, मग मालिका त्या वेगावर कधी बोट ठेवते का? की काका म्हणजे नुसतीच प्रेरणा?

दवबिंदू

रहस्यभेद, तिसऱ्या खंडापुढचं. अ‍ॅनिमेत पाहिलंय म्हणून सांगते. ठेवते बोट. माशिरो शाळा आणि मालिका दोन्ही ओढताना आजारी पडतो, दवाखान्यात दाखल होतो आणि खाटेवरही काढत राहतो. मुख्य संपादक, जे काकाचेही संपादक होते, ते मालिका थांबवतात. मग बाकीचे तरुण मंगाका त्या निर्णयाविरुद्ध एकत्र येतात. म्हणजे प्रश्न समोर येतो. पण गोष्टीची सहानुभूती शेवटी काढत राहण्याकडे झुकते, थांबवणाऱ्याकडे नाही. तुम्हाला ते पुरेसं वाटेल असं मला वाटत नाही. इवासेसुद्धा परत येते, एवढंच सांगते.

अनवट

इवासे परत येत असेल तर दुसरा खंड उघडते.

शाईपेन

रहस्यभेद न वाचता पुढे सरकले आहे, तिसरा खंड मागवलाय. अनवट, तुमचा प्रश्न डोक्यात ठेवून वाचेन. दोन खंडांपुरतं माझं मत असं की काका नुसती प्रेरणा नाही. त्या खोलीतले नाकारलेले नेम पोरं काढून बघतात, त्यातलं काय जमलं नाही यावर बोलतात. आईची भीतीही तिथेच बसलेली आहे. पण पोरं चौदा वर्षांची आहेत आणि त्या वयात आपल्याला काही होणार नाही असं वाटतं, तेवढंच लेखकाने दाखवलंय. मोठ्या माणसांपैकी कुणीतरी त्यांना झोपायला सांगायला हवं होतं.

नाशिकचा बाबा

सर्वांचे आभार. पहिला खंड आणला. लेकीने एका दुपारी संपवला आणि त्या शेवटच्या नेमच्या पानांवरच अडकून बसली. आता तिला जी-पेन हवंय. रेषाळ, इथे मिळतं का, आणि कागद कुठला घ्यावा?

रेषाळ

मिळतं. मोठ्या कलासाहित्याच्या दुकानात विचारा, नाही तर ऑनलाइन मागवा. झेब्रा, निक्को, ताचिकावा यांपैकी कुठलीही जी-नीब चालेल, होल्डर वेगळा घ्यावा लागतो. नव्या नीबवर गंज चढू नये म्हणून तेलाचा हात असतो. तो पुसून घ्या, नाही तर शाई टिकत नाही आणि मुलीला वाटेल आपलाच हात वाईट. शाई काळी, वॉटरप्रूफ. काम झालं की नीब लगेच धुऊन कोरडी करायची. शाळेतला कार्ट्रिज पेपर नको, त्याचे तंतू नीबमध्ये अडकतात आणि रेघ फुटते. गुळगुळीत आयव्हरी कार्ड घ्या. सुरुवातीला चेहरे नकोत. पानभर नुसत्या रेघा, बारीक-जाड-बारीक, आपल्याकडे ओढत. दोन पानं भरली की इथे फोटो टाकायला सांगा, मी बघून सांगतो.